अक्षरांमधला वेळ

माहेरी तिला सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी शांत बसली, तर पोरीला ताप तर नाही ना म्हणून आई कपाळाला हात लावून बघे. अशा भिंगरीचं लग्न झालं ते खुर्चीत बसला की खुर्चीचाच भाग वाटावा अशा माणसाशी. तो हवामान खात्यात निरीक्षक होता. ढग बघायचे, वारा मोजायचा, समुद्राचं पाणी किती वर आलं ते लिहायचं, हे त्याचं काम. त्याला साजेसंच काम, असं सासूबाई म्हणत. ढगांना उत्तर द्यावं लागत नाही.

सासूबाईंना सुनेचं बोलणं आवडे. त्यांच्या घरात इतकी वर्षं भांड्यांचाच काय तो आवाज होता. "दोघांच्या वाटणीचं बोलणं देवाने चुकून एकाच पोत्यात भरलं," त्या शेजारणीला सांगत, "आणि पोतं आमच्याकडे सून म्हणून आलं."

वर्षातले बरेच महिने निरीक्षक बेटावर असे. बंदरापासून लाँचने अर्धा दिवस लागे त्या खडकावर. वर एक दगडी खोली, एक पाण्याची टाकी, आणि वाऱ्याची, पावसाची, लाटांची मोजमापं घेणारी उपकरणं. पूर्वी तिथे दोघे असत. उपकरणं सुधारली तसा खात्याने एक माणूस कमी केला. समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणजे जो गेला तो ऋतू पालटेपर्यंत तिकडेच. बाकीचे निरीक्षक त्या नेमणुकीचं नाव काढलं की पाठदुखीची सर्टिफिकिटं आणत. हा मात्र विचारलं की मान हलवून जाई.

भिंगरीने त्याला कधी अडवलं नाही. लोकांना त्याचं नवल वाटे. न अडवण्यामागचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि स्वतःशीही ती ते पुरतं कबूल करत नसे. घरात तो समोर बसलेला असला तरी तिला कळत नसे की त्याच्या मनात काय चाललंय. "काय झालं?" विचारलं की "काही नाही," आणि खरोखरच काही झालेलं नसे. पण बेटावर गेला की तो रोज संध्याकाळी यंत्रावरून दिवसभराचे आकडे पाठवी, आणि आकड्यांच्या खाली एकदोन ओळी तिच्यासाठी लिही. आज एक लंगडा पक्षी खिडकीशी येऊन बसला, मी जेवेपर्यंत हलला नाही. आज पाण्याचा रंग तुझ्या त्या जुन्या शालीसारखा होता, जी तू बहिणीला दिलीस. शाल बहिणीला दिली हे त्याच्या लक्षात होतं, हेच तिला त्या ओळीवरून कळलं. म्हणून तो बेटावर असला की तिला घरात बसलेल्या त्या माणसाची ओढ लागे, त्याच्या खांद्याची, कॉलरला येणाऱ्या साबणाच्या वासाची. आणि तो घरी आला की तिला बेटावरून लिहिणारा तो आठवत राही. दोघे एकाच वेळी तिला कधी मिळालेच नाहीत.

ती त्याच खात्यात, बंदरावरच्या कचेरीत, यंत्रांच्या विभागात होती. निरीक्षणकेंद्रांवरच्या छोट्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम तिच्याकडे असे. बेटावरचं यंत्रही तिच्याच हाताखालून गेलेलं. डब्याएवढी पेटी, एक कीबोर्ड, वहीच्या पानाएवढा पडदा आणि छपरावर उपग्रहाकडे तोंड करून बसलेला अँटेना.

मागच्या वर्षी कुणीतरी आगाऊ माणसाने दुसऱ्या एका केंद्राच्या नावाने वादळाचा खोटा निरोप पाठवला. होड्या परत फिरल्या, बाजार बसला, आणि वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक निरोप कुलपात घालूनच, म्हणजे दुसऱ्या कुणाला बनवता येणार नाही असा सांकेतिक करूनच पाठवायचा. यंत्र चालू झालं की त्याने आधी नवी किल्ली घडवायची आणि मगच तोंड उघडायचं. किल्ली घडवायला असे आकडे लागतात की जे कुणालाच आधी ओळखता येऊ नयेत. रँडम आकडे. भिंगरीने नवा प्रोग्राम लिहिला, कचेरीतल्या टेबलावर पाच-पन्नास वेळा चालवून बघितला. दर वेळी यंत्र चुटकीसरशी सुरू झालं. समुद्र बंद होण्याआधीच्या शेवटच्या लाँचने नवी पेटी बेटावर गेली आणि नवऱ्याने तारा जोडून, तिने सांगितलेल्या कळा दाबून ती बसवली. पहिल्याच फटक्यात चालली.

पेटीच्या कपाळावर एक चिकटपट्टी होती. "यंत्र सुरू होत असताना कीबोर्डला हात लावू नये." तीही भिंगरीनेच छापून घेतलेली. एका केंद्रावरच्या गृहस्थांनी यंत्र चालू होताना कीबोर्डवर कोपर टेकवलं होतं आणि यंत्र सुरू व्हायचं सोडून दुरुस्तीच्या भलत्याच पडद्यावर अडकून बसलं होतं. तेव्हापासून सगळ्याच पेट्यांना ती पट्टी लागली.

मग एका दुपारी वादळ आलं. बंदरावर पत्रे उडाले, कचेरीचे दिवे गेले आणि आले. कचेरीच्या भिंतीवर सगळ्या केंद्रांचे ठिपके होते. ते विझले आणि एकेक करून पुन्हा उजळले. बेटाचा ठिपका उजळला नाही. त्या संध्याकाळी आकडे आले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाहीत.

साहेबांनी निदान केलं की अँटेना उडाला. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं पहिलं निदान शेवटचं असे. सुदैवाने एका मालवाहू जहाजाने जाता जाता कळवलं की बेटावर दिवा दिसतोय आणि खडकावर उभ्या असलेल्या एका माणसाने हात केला. म्हणजे माणूस धडधाकट होता. टाकीत पाणी होतं, कोठीत शिधा होता. मग काळजी कसली, समुद्र निवळला की बघू, असं साहेबांचं म्हणणं पडलं, आणि तसं पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हतं.

भिंगरीलाही सगळे हेच समजावत होते. ती मान डोलवी. पण संध्याकाळ झाली की तिचे पाय घरात ठरत नसत. ती धुतलेली भांडी पुन्हा धुई, जिन्यात जाऊन परत येई. त्याने जहाजाला हात केला होता. ती ते जहाजाच्या कप्तानाने कळवलेलं वाक्य मनात इतक्या वेळा उलगडून बघे की त्याच्या घड्या विरल्या. उजवा हात की डावा? किती वेळ? कप्तानाला हात केला, म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं होतं का, की नुसतंच माणूस दिसलं म्हणून?

"अगं, बस जरा," सासूबाई म्हणत. "तू चाललीस म्हणून समुद्र लवकर शांत होणार आहे का?"

मग त्याही बसून राहात आणि मुलाच्या गोष्टी सांगत. तो सहासात वर्षांचा असताना त्या त्याला चपलांच्या दुकानासमोर उभा करून, "इथून हलू नकोस," असं सांगून समोरच्या गल्लीत गेल्या. तिथे एक जुनी मैत्रीण भेटली, तिच्या घरी चहा झाला, गप्पा झाल्या, आणि घरी पोचून चप्पल काढताना त्यांना मुलगा आठवला. धापा टाकत परत गेल्या तर दुकान बंद होत आलेलं, दुकानदाराने पोराला आत ये म्हणून दहादा सांगितलेलं, आणि हा आपला त्याच फरशीवर उभा. रडला नव्हता. "आई म्हणाली हलू नकोस," एवढंच त्याने दुकानदाराला सांगितलं होतं. सासूबाई हे हसत सांगायला लागत, आणि दर वेळी शेवटाला येईपर्यंत त्यांचं हसू कुठेतरी सांडून जाई.

अँटेनाचं भिंगरीला पटत नव्हतं. तो उडाला असता तर त्याने तारेने, दोरीने, कशानेही तो पुन्हा उभा केला असता. तिने कचेरीतून एक जादा पेटी घरी आणली. सुट्टीचा दिवस होता. मागच्या खोलीत, जिथे ट्रंका आणि जादा गाद्या ठेवत, तिथे तिने ती पेटी एका ट्रंकेवर मांडली. बेटावर असते तशीच, नुसत्या बॅटरीवर. नेटची तार नाही, शेजारी दुसरं यंत्र नाही. तिने बटण दाबलं आणि हात मागे घेतला.

पडदा काळाच राहिला.

तिला वाटलं, थोडा वेळ लागत असेल. ती गादीवर बसली. सासूबाई शेंगा सोलायला घेऊन दाराशी येऊन बसल्या. शेंगा सोलून झाल्या. पडदा काळा. पेटीवरचा हिरवा दिवा तेवढा शांत जळत होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. बंद पडलं नव्हतं, बिघडलं नव्हतं. नुसतं थांबलं होतं.

भिंगरीने पुष्कळ वेळ स्वतःला आवरलं. मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम तिच्या हातात उतरलं. तिने कीबोर्ड मांडीवर ओढला आणि दोन्ही हातांनी वेड्यासारख्या कळा बडवल्या, कुठल्याही, कशाही. सासूबाई घाबरून उठल्या. आणि पडदा उजळला. एकामागून एक ओळी धावल्या, किल्ली घडली, आणि यंत्राने शहाण्यासारखं विचारलं, निरोप काय पाठवायचा?

ती कीबोर्ड तसाच मांडीवर घेऊन बसली. तिला सगळं एका क्षणात कळलं होतं, पण सासूबाईंना सांगताना तिचा श्वास पुरत नव्हता.

यंत्राला आपल्या मनाने आकडा काढता येत नाही, तिने सांगितलं. ते हिशेबी असतं, हिशेबाने काढलेला आकडा दुसऱ्यालाही हिशेबाने काढता येतो. म्हणून ते बाहेरून गोळा करतं. माणसाने कळ कधी दाबली, मग दुसरी किती वेळाने, तारेवरून काय आलं, कधी आलं. जे कुणी ठरवून केलेलं नाही असं काहीतरी थोडं थोडं ते साठवतं, आणि पुरेसं साठलं की त्यातून किल्ली घडवतं. बंद होताना ते उद्यासाठी त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवतं, विरजणासारखं. पण वादळात यंत्र अचानक बंद पडलं की ते राहून जातं. कचेरीत शेजारी दहा यंत्रं, तारा, माणसांचे हात, तिथे साठायला वेळ लागत नाही; किनाऱ्यावरच्या केंद्रांनाही तारा आहेत. बेटावर काय आहे? एक पेटी, तिच्यासमोर एक माणूस. आणि तो माणूस हात मांडीवर ठेवून बसलाय, कारण मीच पट्टीवर तसं लिहिलंय.

सासूबाईंनी शेंगांची टोपली खाली ठेवली. "म्हणजे ते याची वाट बघतंय," त्या हळूच म्हणाल्या, "आणि हा त्याची."

आता हे त्याला कळवायचं कसं? कळवायचं साधन तेच यंत्र. भिंगरी दोन रात्री तळमळली आणि मग तिला रेडिओ आठवला. बेटावर त्याच्याकडे एक साधा रेडिओ होता. रोज सकाळी बंदरावरून कोळ्यांसाठी समुद्राच्या बातम्या लागत, त्या तो ऐके. त्याचं बोलणं इकडे येत नसलं तरी इकडचं बोलणं तिकडे जाऊ शकत होतं.

साहेबांनी आधी नाही म्हटलं. खात्याचं यंत्र अडकलंय हे सगळ्या किनाऱ्याला ओरडून सांगायचं का, असं त्यांनी विचारलं. भिंगरीने सांगितलं की चूक यंत्राची नाही, माझी आहे, तसं नाव घालून सांगा हवं तर. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की नाव नको, पण निरोप जाऊ दे.

मजकुरावर ती खूप अडली. रेडिओवरचं कुणीतरी म्हणतंय म्हणून तो पट्टीवरचं मोडणार नाही, हे तिला माहीत होतं. निरोप तिचाच आहे हे त्याला पटायला हवं. शेवटी तिने खरं नाव न घालता लाडाचं नाव घालून लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या बाईंनी लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग सांगून झाल्यावर त्याच सुरात वाचलं: "बेटावरच्या निरीक्षकांसाठी भिंगरीचा निरोप. पट्टीवरचं विसर. यंत्र चालू करून कळांवर हात फिरव, मन मानेल तसा. पुष्कळ वेळ फिरव."

असा निरोप समुद्राच्या बातम्यांत कधी कुणी ऐकला नव्हता. दुपारपर्यंत बंदरावर जो तो तोच बोलत होता. भाजीवालीने वांगी तोलता तोलता विचारलं की फिरवला का हात. लाँचवाला काका, ज्याच्या लाँचने निरीक्षक जा-ये करी, कचेरीच्या पायरीशी येऊन म्हणाला की आमच्या घरातून कुणी आम्हाला एवढं रेडिओवरून बोलावलं तर आम्ही पोहत येऊ. भिंगरीचे कान तापले, पण ती हसली.

निरोप रोज सकाळी वाचला जाऊ लागला. ठिपका रोज संध्याकाळी तसाच विझलेला. तिला वाटायला लागलं की रेडिओचेही सेल संपले असतील. त्याला ऐकू गेलं असेल आणि पटलं नसेल. त्याने हात फिरवला असेल, पण त्याच्या पद्धतीने, एकदा, हलकेच, आणि मग पुन्हा मांडीवर. कळा किती दाबाव्या लागतात हे त्याला कुणी सांगावं? आणि एक विचार तिला सगळ्यांत जास्त छळत होता. त्याला ही शांतता बरी वाटत असली तर? रोजच्या दोन ओळींतून सुटका झाली असं वाटत असलं तर? लिहिणं हे त्याला कामाचाच भाग वाटत असेल, आकड्यांच्या खालचा शेवटचा आकडा.

आणि मग एका संध्याकाळी, ती टेबल आवरून निघायच्या बेतात असताना, भिंतीवरचा ठिपका उजळला. कचेरीतली सगळी माणसं उठून उभी राहिली. आकडे यायला लागले. एका दिवसाचे नव्हे, वादळाच्या दिवसापासूनचे सगळे, वेळच्या वेळी हाताने टिपलेले, एकही गाळलेला नाही. साहेब म्हणाले, वा. आकडे संपले आणि खाली एक ओळ आली.

"इकडे सगळं ठीक. तू कशी आहेस?"

एवढंच. भिंगरीने त्या ओळीवर बोट ठेवलं, जणू ती पुसली जाईल. मग तिने उत्तर लिहायला घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काय लिहावं सुचेना. शेवटी तिने लिहिलं, "बरी आहे. आई पण."

बंदरावर सगळ्यांनी रेडिओचे गोडवे गायले. रेडिओवरच्या बाईंनी कुणाच्या सांगण्याशिवायच शेवटच्या दिवशी जाहीर केलं की निरोप पोचला.

त्यानंतर भिंगरीने प्रोग्राम दुरुस्त केला. यंत्राच्या आतल्या घड्याळाची टिकटिक वरून एकसारखी वाटते, पण अगदी बारकाईने पाहिलं तर ती मधूनच किंचित अडखळते. ते अडखळणं गोळा करायला तिने यंत्राला शिकवलं. आता त्याला कुणाच्या हाताची वाट बघायची गरज राहिली नाही. समुद्र निवळला तसा तिने साहेबांकडे हट्ट धरला की बेटावरचा प्रोग्राम मी स्वतः जाऊन बदलणार. आकडे सुरक्षित नेणं महत्त्वाचं आहे, वगैरे कारणं तिने दिली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि न हसता सही केली.

लग्नाला इतकी वर्षं होऊन ती बेटावर पहिल्यांदा जात होती. लाँच खडकाला लागली तेव्हा तो खाली येऊन उभा होता. दाढी वाढलेली, चेहरा रापलेला. त्याने तिचा हात धरून तिला वर घेतलं आणि पायऱ्या संपल्या तरी सोडला नाही. लाँचवाला काका दोरी बांधायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. दोघं वर जायला निघाली तेव्हा त्याने बजावलं की भरती उतरायच्या आत निघायचं आहे.

खोली तिने ओळींमधून इतकी पाहिली होती की आत शिरताना तिला परक्या घरात आल्यासारखं वाटलं नाही. मात्र टेबल खिडकीच्या डावीकडे असेल असं तिला वाटायचं, ते उजवीकडे होतं. कोपऱ्यातल्या फळीवर रेडिओ होता. त्याचं मागचं झाकण उघडं, आतल्या तारांवर मिठाचा पांढरा थर.

"याला काय झालं?" तिने विचारलं.

"वादळात खिडकी उघडली. पाणी गेलं आत. त्याच दिवशी बंद पडला."

ती फळीपाशी उभीच राहिली. "म्हणजे तू रेडिओवर काही ऐकलं नाहीस?"

"काय ऐकायचं?"

तिने त्याला सांगितलं. निरोप, रोजची सकाळ, भाजीवाली, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचे कान हळूहळू लाल होत होते. भिंगरी हे नाव सगळ्या किनाऱ्याने ऐकलं, याचं त्याला हसू येत होतं की लाज वाटत होती, कळेना.

"मग कीबोर्डला हात का लावलास?" तिने विचारलं. "पट्टीवर लिहिलं होतं ना."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. चोरी पकडलेल्या मुलासारखा. तिला वाटलं, आता येईल ते "काही नाही." पण ते आलं नाही.

"रोज संध्याकाळी बसायचो समोर," तो म्हणाला. "म्हटलं, होईल सुरू. एक दिवस वाटलं की हे आता होत नाही. पडदा काळाच आहे, कुठे पोचणार नाही. मग लिहायला काय हरकत आहे."

"काळ्या पडद्यावर लिहिलंस?"

"हो."

"काय लिहिलंस?"

"तुलाच लिहिलं." तो थांबला. "बरंच लिहिलं. अंधार पडेपर्यंत. पोचणार नाही म्हटल्यावर लिहिता आलं."

भिंगरी खुर्चीत बसली. तिच्या लक्षात आलं होतं की त्याचं काय झालं असणार, आणि ते सांगणं तिलाच भाग होतं. ती म्हणाली की ती अक्षरं यंत्राने ठेवली नाहीत. निरोपाची जागा तेव्हा उघडलीच नव्हती, म्हणून ती आली तशी वाहून गेली. त्याने फक्त मधला वेळ घेतला. एक अक्षर दाबल्यावर दुसरं किती वेळाने दाबलंस, तेवढंच. आणि तेही असं घुसळून टाकलं की आता कुणालाही परत काढता यायचं नाही. मलासुद्धा नाही.

तो विचार करत होता. "म्हणजे मी जिथे अडलो, तेवढंच त्याने घेतलं."

"हो."

"खूप अडलो होतो."

"म्हणून तर सुरू झालं," ती म्हणाली.

तिने नवा प्रोग्राम बसवला. हात सवयीने काम करत होते. तो शेजारी उभा राहून बघत होता. पट्टी तिने नखाने खरवडून काढली. खालून लाँचचा भोंगा झाला. पायऱ्या उतरताना तिने पुन्हा विचारलं की त्यातलं एक तरी वाक्य सांग. तो आणखी दोन पायऱ्या उतरला.

"सुरुवात आठवते," तो म्हणाला. "की तू घरात बोलत असतेस तेव्हा मी उत्तर देत नाही, कारण मध्ये बोललो तर तू थांबशील असं वाटतं."

लाँचवाला काका हात पुढे करून उभा होता. लाँच सुटली. तो खडकावर उभा होता आणि त्याने हात केला, उजवा, आणि बेट बोटाएवढं होईपर्यंत खाली घेतला नाही.

त्या वर्षीची नेमणूक संपल्यावर तो घरी आला. पुढच्या वर्षी त्याने बेटावर जायला मान हलवली नाही. बंदरावरच्या वेधशाळेत जागा मागितली, आणि ती मिळेपर्यंत त्याला आणखी एक मोसम बेटावर काढावा लागला. तो एक मोसम तिला आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब वाटला. यंत्र एकदाही अडलं नाही. ओळी रोज येत होत्या, लंगडा पक्षी, पाण्याचा रंग. त्या ती वाचे आणि तिला त्या दुसऱ्याच, न पोचलेल्या पानांची भूक लागे.

तो कायमचा घरी आल्यावर काही तो बोलका झाला नाही. माणूस असा बदलत नाही. सासूबाई म्हणत, खुर्ची तेवढी नवी आणा, जुनी त्याला चिकटलीय. पण कधीतरी, अगदी भलत्याच वेळी, ती चादरीच्या घड्या घालत असताना किंवा दोघं दळणाचा डबा घेऊन जिना चढत असताना, तो मध्येच थांबे आणि म्हणे, "त्यात हेही होतं." आणि एक वाक्य सांगे. कधी तिच्या हसण्याबद्दल, कधी त्या दिवसाबद्दल जेव्हा तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं आणि त्याला तिच्याजवळ बसायचं होतं पण तो दारातच उभा राहिला. सांगून झालं की तो पुढे चालू लागे.

इतकी वाक्यं त्या एका संध्याकाळी खरोखर लिहिली गेली होती का, की त्यातली काही तो आता रचत होता, हे तिने कधी विचारलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, दोघं बाजारातून परत आले होते. तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातातली किल्ली तिने कुलपात घातली होती. मागून तो म्हणाला, "त्यात हेही होतं," आणि थांबला. या वेळी तो बराच वेळ थांबला. तिने किल्ली फिरवली नाही. पिशवीचे बंद बोटांत रुतत होते, जिन्यात कुणाच्या तरी घरातल्या फोडणीचा आवाज येत होता, आणि ती दाराकडे तोंड करून तशीच उभी राहिली.